आधी हॉस्पिटलची बॅग

“घरी बाळंत व्हायचंय ना? मग आधी हॉस्पिटलची बॅग भर.”

काकूंचं पहिलं वाक्य हे. नमस्कार-चमत्कार नंतर. दारात बूट काढता काढताच म्हणायच्या, आणि समोरची पोटुशी गोंधळून नवऱ्याकडे बघायला लागली की लगेच दुसरं वाक्य, “त्याच्याकडं काय बघतीयस? त्याला व्हायचंय का बाळंत?”

मलाही हेच म्हणाल्या होत्या. मी नागपूरची. राग आधी माझ्या चेहऱ्यावर येतो, मग मला कळतो. मला वाटलं, घ्या! हिला बोलावलं हॉस्पिटल टाळायला, आणि ही मला तिकडचीच तयारी करायला सांगतेय. मी म्हटलं, “काकू, मला तिकडे जायचंच नाहीये.” त्या म्हणाल्या, “म्हणून तर. बॅग दाराशी असली की माणूस भीत नाही. आणि जायची वेळ आलीच तर शोधाशोध करत बसत नाही.” मग जिना चढून गेल्या, उतरून आल्या, पायऱ्या मोजल्या, दाराची रुंदी वितीनं मापली, अँब्युलन्स कुठे उभी राहील ते खिडकीतून पाहिलं. ही बाई बाळंतपणाला आलीय की घर विकत घ्यायला, असा मला प्रश्न पडला.

बर्मिंगहॅममधल्या आमच्या भागातल्या मराठी घरांत त्यांना सगळे काकूच म्हणत. माझ्या फोनमध्ये त्या ‘काकू बाळंतपण’ अशा सेव्ह होत्या, आणि नंतर कळलं की बहुतेकींच्या फोनमध्ये तशाच होत्या. साताऱ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन इकडे आल्या. नवरा ओतकामाच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एडिनबराला. काकू स्वतः एका हॉस्पिटलच्या बाळंतपणाच्या वॉर्डात आधी फरशा पुसायला लागल्या, मग मदतनीस झाल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. इंग्रजी शिकल्या ते वॉर्डातल्या बायकांकडून, म्हणून त्यांचं इंग्रजी अस्सल बर्मिंगहॅमचं. डॉक्टर असो नाहीतर पोस्टमन, सगळ्यांना ‘बॅब’. इथल्या बोलीत बॅब म्हणजे आपलं बाळ, राजा, असं काहीतरी. आणि निघताना ‘टरा अ बिट’, म्हणजे येते बरं का, तेही साताऱ्याच्या हेलात. गोऱ्या मिडवाइफ ते ऐकून हसायच्या आणि काकूंच्या गळ्यात पडायच्या.

एक गोष्ट त्या प्रत्येक घरात स्पष्ट करायच्या. “मी सुईण नाही. सुईण सरकारची येईल, शिकलेली, पेटी घेऊन. ती सांगेल ते करायचं. मी नुसती बसणार.” आता तुम्ही म्हणाल, नुसतं बसायला बाई कशाला हवी? ज्यांना परदेशात मूल झालंय त्यांना विचारा. नुसतं बसणारंच माणूस मिळत नाही. बाकी सगळं मिळतं, ऑनलाइन, दुसऱ्या दिवशी घरपोच.

आणि ते घरपोच सगळं मी मागवलं होतं. हवा भरायचा मोठा टब, मंद प्रकाशाचे दिवे, वासाची यंत्रं, बाळंतपणासाठी म्हणून खास शिवलेला झगा. काकूंनी एकेक खोका उघडून पाहिला. “लग्न आहे की बाळंतपण?” म्हणाल्या. “परत धाड सगळं. जुन्या चादरी काढ, चार टॉवेल काढ. पाउंडच्या दुकानातनं शॉवरचा पडदा आण, तो गादीवर घालायला. एक बादली, एक टॉर्च. झालं.” मी म्हटलं, टब तरी राहू द्या. त्यांनी नळाला हात लावून पाहिला. “तुझा बॉयलर बघितलास? हा टब भरस्तवर पोर शाळेत जाईल.”

स्वतः त्या काही घ्यायच्या नाहीत. “बसपास सरकार देतंय, चहा तू देतीयस,” एवढंच त्यांचं म्हणणं. दोन बस बदलून यायच्या. पिशवीत खोबरेल तेल, सुती फडकी, ओवा आणि कुठल्यातरी आईस्क्रीमच्या डब्यात डिंकाचे लाडू. बाळंतिणीला सांगायच्या त्या गोष्टी इतक्या साध्या असायच्या की पुस्तकात कोणी छापत नाही. टाक्यांची आग होते, तर लघवीला बसताना कोमट पाण्याचा तांब्या हळूहळू ओतत राहायचा. पाजायला बसायच्या आधी पाण्याचा पेला हाताशी ठेवायचा. बाळ झोपलं की फोन दुसऱ्या खोलीत. दोन दिवस झाले की अंगणापर्यंत चालून यायचं, तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या लेटरबॉक्सपर्यंत. रडू आलं तर रडायचं, पण दोन आठवडे उलटूनही थांबेना तर डॉक्टरला सांगायचं, त्यात लाज नाही.

आणि नवऱ्यांना कामाला लावायच्या. माझा नवरा सॉफ्टवेअरवाला. तो लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये सगळं टिपून घ्यायला बसला. काकूंनी दोन मिनिटं पाहिलं. “ते बंद कर आणि कांदा चीर.” त्या महिन्यात तो मऊ भात, मुगाचं कढण आणि बाजरीची पेज करायला शिकला. सतरा वर्षं पुण्यात वाढून जे त्याच्या आईनं शिकवलं नाही, ते काकूंनी चार मंगळवारांत शिकवलं. सासूबाईंना हे फोनवर सांगायची सोय नव्हती.

मला घरीच का व्हायचं होतं, ते सांगते. पहिला मुलगा हॉस्पिटलमध्ये झाला. कोणी वाईट वागलं असं नाही. वॉर्ड भरलेला होता, दोन नर्सा धावत होत्या. भेटीची वेळ संपली, नवऱ्याला घरी पाठवलं. मी टाके घातलेली, एका हातात मूल, आणि पाण्याचा जग टेबलाच्या पलीकडच्या टोकाला. हात पुरत नव्हता. बेल दाबली. पलीकडच्या पडद्याआड कोणाचं तरी काहीतरी मोठं चाललं होतं, म्हणून कोणी आलं नाही, आणि मला समजत होतं की येणार नाही. मी त्या जगाकडे बघत बसून राहिले. लग्नाच्या आधी किंवा नंतर, इतकं एकटं मला कधी वाटलं नाही. तेव्हाच ठरवलं, पुढचं मूल माझ्या घरात, माझ्या माणसांत.

माझी माणसं म्हणजे कोण, हाही प्रश्नच होता. पहिल्या वेळी आईचा व्हिसा नाकारला. दुसऱ्या वेळी व्हिसा मिळाला असता, पण बाबांना अर्धांगवायूचा झटका आलेला, त्यांना सोडून ती येणार कशी? ती नागपुरात, मी इथे, मध्ये व्हॉट्सॲप. सकाळ-संध्याकाळ फोन आणि प्रत्येक फोनमध्ये एक सूचना. पपई खाऊ नको. ग्रहणात सुरी धरू नको. मी हो हो म्हणायचे आणि पपईही खायचे.

आमच्या ओळखीत एक पुण्याची मुलगी होती. तिनंही घरची तयारी केली होती, पण शेवटी सिझेरियन झालं. ती घरी येऊन ढसाढसा रडत होती, मला जमलं नाही म्हणून. मी तिथेच होते. काकू तिच्या पायाला तेल लावत म्हणाल्या, “पोर आलं ना? मग पुढच्या दारानं आलं का मागच्या, त्याला काय विचारतीयस?” मला ते इतकं आवडलं की मी आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं. पंचवीस बदाम आले. दुसऱ्याच्या दुःखावर शहाणपण किती गोड लागतं, नाही का? स्वतःवर वेळ आली तेव्हा ते वाक्य मला आठवलंसुद्धा नाही.

तो मंगळवार होता. मंगळवारी काकू माझ्याकडे यायच्या. सकाळी सातला, मुलाचा डबा भरत असताना, माझं पाणी गेलं. कळा नव्हत्या, नुसती कंबर जड. आता काय करायचं, ते मला पाठ होतं. काकूंनी फ्रिजवर कागदच लावला होता, शाळकरी पोराच्या अक्षरात: पाणी गेलं की लगेच मिडवाइफला फोन. रंग सांगायचा. पांढरं, गुलाबी असेल तर घरी. हिरवं, तपकिरी म्हणजे पोरानं आत शी केली, निघायचं.

मी फोन केला तो नागपूरला.

“कोण्णाला सांगू नको,” आई म्हणाली. “चार जणांना कळलं की बाळंतपण लांबतं. तुझ्या वेळी मी तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलं नव्हतं. बघ, दुपारी जेवणाच्या आत झालीस.”

मी इंजिनिअर आहे. बँकेच्या सिस्टिम तपासते, दुसऱ्यांनी लपवलेल्या चुका शोधणं हे माझं काम. आईचं म्हणणं खुळचट आहे हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्या सगळ्या महिन्यांत आईला माझ्यासाठी हातानं काही करता आलं नव्हतं. ना डोहाळजेवण, ना तेल, ना डोक्यावरून हात. तेवढी एक गोष्ट तिनं दिली आणि मी ती घट्ट धरली. नवऱ्याला काही बोलले नाही. तो मुलाला शाळेत सोडून ऑफिसला गेला. मिडवाइफला फोन केला नाही. काकूंना मेसेज केला, आज येऊ नका, जरा झोपणार आहे.

दहा वाजता पॅडवर हिरवट झाक दिसली. मी स्वतःला सांगितलं, बाथरूमच्या बल्बमुळे तसं दिसतंय. पॅड कचऱ्याच्या डब्यात टाकला, ओली चादर मशीनला लावली.

पावणेबाराला बेल वाजली. दारात काकू, कपाळावर घाम, दोन्ही बस पकडून आलेल्या.

“मेसेज नाही बघितलात का?”

“बघितला. म्हणून तर आले. तू कधी मला नको म्हणतेस? झोपली होतीस?”

“हो.”

“मग मशीन कुणी लावलं?”

मशीनच्या काचेत एकच चादर गरगरत होती. काकूंनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ बाथरूममध्ये गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. नळ बराच वेळ वाहत होता. हात पुसत बाहेर आल्या.

“कधी गेलं पाणी?”

“आत्ताच.”

“खरं सांग.”

“सातला.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या. “कुणाला सांगितलंस?”

“आईला. ती म्हणाली, कोणाला सांगू नको, लांबतं.”

“माझी सासूपण असंच म्हणायची. आईचं काही चुकलं नाही. तिनं हा रंग बघितला नाही. तू बघितलास.”

त्यांनी पिशवीतून त्यांचा जुना बटणांचा फोन काढला. मी त्यांचा हात धरला. “काकू, थांबा ना. संध्याकाळपर्यंत थांबू. बाळ हलतंय माझं, हे बघा, हात लावून बघा.”

“हलतंय तवर जायचं,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही माझ्या बाजूनं आहात की त्यांच्या?”

त्यांनी ऐकलं, पण त्या फोनवर बोलायला लागल्या होत्या. “हॅलो बॅब.” माझं नाव, पत्ता, कितवा आठवडा, हिरवं पाणी. आणि किती वाजता गेलं ते विचारल्यावर माझ्याकडे न बघता ‘सेव्हन’. एक मिनिटही कमी करून सांगितलं नाही. माझी चोरी माझ्याच हॉलमध्ये उभं राहून माझ्यासमोर सांगत होत्या. मग माझ्या नवऱ्याला फोन. मग दाराजवळची बॅग उचलून पायरीवर ठेवली आणि माझ्यासमोर खाली बसल्या, बूट चढवायला. मी पाय मागे ओढून घेतला. त्यांनी तो धरून पुढे घेतला, बूट घातला, नाडी बांधली. दुसरा पाय मी आपण होऊन दिला नाही, तोही त्यांनीच घेतला.

“पोराला शाळेतनं मी आणते,” एवढं म्हणाल्या. अँब्युलन्समध्ये चढताना मी वळून पाहिलं नाही.

सव्वासहाला मुलगी झाली. गुलाबी, ठणठणीत, आल्याआल्या किंचाळली. बाळाच्या डॉक्टरांनी तपासलं, एक दिवस लक्ष ठेवतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जा म्हणाले. काही झालं नव्हतं. मिडवाइफ म्हणाली, आलात ते बरं केलंत. असं त्या सगळ्यांनाच म्हणत असणार. मुलासाठी नवरा घरी गेला आणि मी परत एका पडद्यामागे, हातात मूल घेऊन. सुखरूप लेक कुशीत होती आणि माझ्या मनात एकच घोळत होतं, हिला काही झालं नव्हतं, म्हणजे ही घरी होऊ शकली असती.

तुम्हाला मी कृतघ्न वाटत असेन. वाटू दे. होतेच मी.

घरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी अकराला काकू हजर. तेल कोमट केलेलं, फडकी धुतलेली. मी बोलले नाही. त्यांनी पाठ चोळली, कंबर शेकली, पोटाला सुती पट्टा बांधला, पेज पुढे ठेवली. मी तोंड फिरवलं. तेव्हा म्हणाल्या, “रागाव खुशाल. रागानं दूध आटत नाही. उपाशी राहिलीस तर आटतं.” मी पेज प्यायले. न बोलता.

चाळीस दिवस त्या आल्या. रविवारीसुद्धा, बस तासाला एक असली तरी. एक दिवस सोडला तर चाळीस दिवस मी ‘हं’ आणि ‘नको’ यापलीकडे शब्द काढला नाही. नवरा बिचारा दोघींच्या मध्ये चहा घेऊन उभा. “काकू, ती दमलीय म्हणून,” असं काहीतरी पुटपुटायचा. “दमली नाही, रागावलीय,” काकू त्याला सांगायच्या. “दमलेली पाठ मऊ लागते. ही बघ, पाट झालाय.”

बाराव्या दिवशी माझा बांध फुटला. पालथी झोपले होते, त्यांचे हात खांद्यावर होते. मी उशीत तोंड खुपसून म्हटलं, “ते माझं होतं काकू. मी नऊ महिने मनात धरून ठेवलं होतं. तुम्ही काढून घेतलंत.”

हात थांबले. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, पोराचा जीव गेला असता तर? मग मला भांडता आलं असतं. मी सगळी उत्तरं तयार ठेवली होती.

“होय गं,” त्या म्हणाल्या. आणि तळव्यावर तेल घेत, “कूस बदल.”

चाळिसाव्या दिवशी त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, खारीक, हिरवा खण. “उठलीस आता तू,” म्हणाल्या. मी वाकून नमस्कार केला, तो त्यांच्या वयाला. थँक्यू म्हटलं नाही. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, ‘टरा अ बिट’ म्हणाल्या आणि बसस्टॉपकडे निघाल्या. मी दार लगेच लावून घेतलं.

त्यानंतर भेट व्हायची ती चारचौघांत. गणपतीला, कोणाच्या बारशाला. कशा आहात काकू, बरी आहे गं. मुलीच्या गालाला हात लावायच्या आणि पुढच्या पोटुशीकडे वळायच्या. राग केव्हाच गेला होता, खरं सांगते. उरली होती ती लाज. रागावलेल्या माणसाला परत यायला वाट असते. लाजलेलं माणूस कोपऱ्यात उभं राहतं. रोज ठरवायचे, या मंगळवारी जाऊन बोलेन. दीड वर्षात असे किती मंगळवार येतात ते तुम्हीच मोजा.

मग पुण्याच्या त्या मुलीचाच मेसेज आला, काकूंना ॲडमिट केलंय. पोटात गाठ होती. चार महिने दुखत होतं आणि त्यांनी एका शब्दानं कोणाला सांगितलं नव्हतं. मी ऑफिसमधून उठले ती तडक निघाले, आणि काय सांगू, वॉर्डात पोचेपर्यंत मी त्यांच्यावर पुन्हा रागावले होते.

खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. एवढीशी झालेली बाई. हाताला नळी, केस कोणीतरी नीट विंचरून दिलेले. मुलगा एडिनबराहून आला होता. तो मला खुर्ची देऊन कॉफी आणायला गेला.

“चार महिने?” मी म्हटलं. “आम्हाला सगळ्यांना सांगता, आणि स्वतः चार महिने गप्प?”

“दोघी होत्या ना दिवस भरलेल्या,” काकू म्हणाल्या. “एकीला तर जुळी. म्हटलं, त्या सुटू देत, मग बघू.”

“काकू, याला काय म्हणायचं?”

“खुळेपणा. ओरड की. बाकी सगळ्या येऊन नुसत्या रडतात.”

पण मला ओरडता येईना. त्या मान वळवून म्हणाल्या, “एक विचारू? तुझं बाळंतपण मी बिघडवलं का गं?”

मी चपापून त्यांच्याकडे पाहिलं.

“खरं सांग. एवढ्या बायांत तू एकटी तोंडावर बोललीस. बाकीच्या सगळ्या थँक्यू काकू, थँक्यू काकू. त्यातलं खरं किती, मला काय माहीत? तुझं तेवढं खरं होतं. मी घरी येऊन दिवस दिवस विचार करायची, पोरीचं ऐकून थोडं थांबले असते तर? सगळं नीट होतं की शेवटी.”

दीड वर्ष. मी चारचौघांत टाळत होते आणि ही बाई घरी बसून हे उगाळत होती. मला वाटलं होतं, काकूंना स्वतःची खात्री आहे. त्यांना खात्री नव्हती. त्या दिवशी फोन लावतानाही नसणार. खात्री नसताना त्यांनी माझे बूट बांधले होते, मी आयुष्यभर रागावेन हे माहीत असताना.

नाही हो काकू, काहीतरीच काय, असं म्हणायचं माझ्या ओठावर आलं होतं. माणूस आजारी असलं की आपण असंच बोलतो. पण त्यांनी खरं मागितलं होतं.

“हो,” मी म्हटलं. “बिघडवलंत.”

त्यांनी डोळे मिटले.

“आणि परत तसं पाणी दिसलं, तर परत बिघडवाल ना?”

डोळे उघडले. “लगेच,” काकू म्हणाल्या.

“मग बिघडवा. माझंच नाही, सगळ्यांचं. काकू, मी तुम्हाला चाळीस दिवस छळलं. मला त्याची लाज वाटते. माझी मुलगी आज घरात पळते ती तुमच्यामुळे की तशीही पळाली असती, मला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण तुम्ही पैज लावली नाहीत. मी लावायला निघाले होते.” एवढं बोलून मी त्यांच्या हातावर डोकं टेकलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं रडले.

“बास, बास. नळी निघंल,” त्या म्हणाल्या. “ती नर्स बॅब बघतीय. नाक पूस.”

दहा दिवसांनी त्या गेल्या. शेवटच्या निरोपाला मुलं घेऊन इतक्या बायका आल्या, की माणसं दारापर्यंत उभी राहिली. इथल्या दहनगृहात ठरलेल्या अर्ध्या तासात सगळं उरकावं लागतं. तेवढ्या वेळात एकही मूल शांत बसलं नाही, आणि कोणी कोणाला गप्प केलं नाही.

आमची लेक आता चार वर्षांची आहे. शाळेत आपापल्या जन्माबद्दल सांगायचं होतं, म्हणून परवा विचारत होती, ती कुठे झाली. पूर्वी कोणी विचारलं की मी लांबलचक सांगायचे, घरीच व्हायची होती, सगळी तयारी केली होती, अगदी शेवटच्या क्षणाला वगैरे. या वेळी सरळ सांगितलं, “हॉस्पिटलमध्ये. काकूंनी वेळेवर पाठवलं.”

“कोण काकू?” तिनं विचारलं.

चाळीस दिवस रोज जिच्या पसरलेल्या पायांवर हिची अंघोळ झाली, तिचा चेहराही हिला आठवत नाही.